गौरीहरावरून उठलेली नवरी

वैजूला धाप लागली तेव्हा अख्ख्या करंजवाडीत लग्नाला न गेलेलं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मी. आमचे हे सकाळी नवालाच टोपी घालून गेलेले. सासूबाई त्यांच्याही आधी. मी मात्र हट्टानं गिरणीच्या उंबऱ्यात बसून. लाइट दहाला गेलेली, ती पाचाशिवाय यायची नाही, म्हणजे दळणही नाही. तरी बसले होते. लोखंडे सिस्टरच्या लग्नात मी अक्षता टाकणार? मेले तरी टाकणार नव्हते.

"आई," वैजू म्हणाली, "मला वाफ पायजे."

पाच वर्षांची पोर. इतर पोरं लिमलेटची गोळी मागतात, माझी पोर वाफ मागायची. मी तिचा झगा वर करून बघितला. बरगड्या आत ओढत होत्या आणि छातीत मांजर गुरगुरत होतं.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. घर गिरणीला चिकटून, दोन खोल्यांचं. पीठ उडायचं ते थेट अंथरुणापर्यंत. मी म्हणायची, गिरणी दुसरीकडं हलवा. हे म्हणायचे, "माझ्या बापालाबी दमा होता, ऐंशी वर्सं जगला." सासूबाई म्हणायच्या, "बाळदमा हाय, सातव्या वर्सी आपसूक जातो." सातवं वर्ष यायला दोन वर्षं होती, तोवर पोरीनं श्वास कशानं घ्यायचा, ते कुणी सांगत नव्हतं. कुणी अडुळसा सांगितला, कुणी तव्यावर ओवा भाजून छातीला बांधायला सांगितला, कुणी अमावस्येला नारळ सांगितला. मी सगळं केलं. नारळाचं खोबरं सगळ्यांनी खाल्लं, दमा आपला जिथल्या तिथं.

तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. एसटी दिवसातनं दोन. तिथले डॉक्टर दर वेळी तेच विचारायचे, "एवढा उशीर का केलात बाई?" एकदा मी म्हणाले, "डॉक्टर, उशीर मी न्हाई केला, रस्त्यानं केलाय. त्याला इचारा." ते हसले. मला काही हसू आलं नाही.

मग तालुक्याच्या एका मंडळानं आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला वाफेचं मशीन देणगी दिलं. डब्याएवढं मशीन, त्याला नळी, नळीला मास्क. औषध घालायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटांत पोर मोकळी. मशीनला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला, आणि मशीन गेलं कपाटात. सरकारी वस्तू, कुलपात पाहिजे. दाराला आणि कपाटाला एकाच किल्लीची कुलपं, आणि ती किल्ली होती लोखंडे सिस्टरकडं.

इथंच आमचं वाजलं. लग्नाच्या तीन महिने आधी एका मंगळवारी वैजूला अशीच धाप लागली. उपकेंद्राला कुलूप. सिस्टर तालुक्याला मिटिंगला. जाताना किल्ली अंगणवाडीच्या बाईंकडं ठेवून गेली होती, तर बाई त्यांच्या माहेरी गेलेल्या, किल्लीसकट! मशीन खिडकीतनं पलीकडच्या कपाटाच्या काचेत दिसतंय आणि पोर माझ्या मांडीवर तडफडतीया. दोन तासांनी दुधाचा टेम्पो मिळाला. त्या दोन तासांत मी देवाला काय काय बोलले, ते आता सांगत नाही.

संध्याकाळी सिस्टर एसटीतनं उतरली. मी पारावरच तिला गाठलं. "सरकारचा पगार खाऊन बाजार फिरतीस होय गं? लेकरू हाय का तुला? असतं तर कळलं असतं!" तिनं एवढंच म्हटलं, "वहिनी, मिटिंगला नाही गेलं तर पगार कापतात." मी म्हटलं, "कापा म्हणावं, माझ्या पोरीच्या गळ्यापेक्षा पगार बरा कापलेला."

तोंडानं माझं समाधान झालं नाही. मी अर्ज लिहिला. सातवी शिकलेले, अक्षर बरं आहे. सिस्टर वेळेवर नसते, उलट बोलते, गोळ्या देताना तोंड वाकडं करते. एक नंबर, दोन नंबर करत पान भरेस्तोवर लिहिलं. आणि सह्या? सह्यांना मी कुठं दारोदार फिरणार! गिरणीच्या काट्याशेजारी कागद ठेवला. सही नाही तर दळण नाही. चार दिवसांत त्रेसष्ट सह्या झाल्या. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या पेन्शनचा कागद समजून अंगठा दिला आणि पैसे कधी मिळणार म्हणून महिनाभर विचारत राहिला.

चौकशीला साहेब आले, चहा प्याले, गेले. पुढं काहीच झालं नाही. निदान मला तरी तसंच वाटलं.

आणि एवढं होऊनही सिस्टर लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः आली. वडील नव्हते तिला. आई तिच्याबरोबर उपकेंद्राशेजारच्या क्वार्टरातच राहायची, म्हणून लग्न आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात ठरलेलं. "वहिनी, यायचं हं," ती म्हणाली. "वैजूला घेऊन यायचं." मी चाळणीतनं मान वर केली नाही. पत्रिका तिनं पिठाच्या डब्यावर ठेवली.

तर आता ती वैजू माझ्या खांद्यावर होती आणि मी उन्हातनं पळत होते. आधी वेशीकडं पळाले. गावातल्या दोन्ही जीपा राहिलेलं वऱ्हाड आणायला गेलेल्या. मग उलटी उपकेंद्राकडं. दाराला कुलूप. नवरीचंच उपकेंद्र, उघडं कसं असणार! शेजारच्या क्वार्टरात बायांची गर्दी. पटांगणात मांडव, बारा वाजून पाच मिनिटं झालेली, मुहूर्त बारा पस्तीसचा.

सिस्टरची आई दारातच आडवी आली. "रंजना, आत जायचं न्हाई. माझी मंदा गौरीहरावर बसलीया."

"मावशी, मला नवरी नको, किल्ली पायजे."

"किल्ली तिच्यापाशीच हाय."

"लगीन लागताना तिला किल्ली कशाला?"

मावशी माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "ते तू मला इचारतीस?" एवढंच म्हणाली. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही आणि लावायला सवडही नव्हती. मी तिला बाजूला सारून आत शिरले.

गौरीहराची रीत सगळ्यांना माहीत आहे. नवरीनं पिवळं नेसून, मुंडावळ्या बांधून, अन्नपूर्णेपुढं चिमूट चिमूट तांदूळ वाहायचे. स्वतःसाठी सौभाग्य मागायचं आणि दारी येईल त्याला आयुष्य मागायचं. मामा न्यायला येईपर्यंत उठायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही. सिस्टर तशी बसली होती, मान खाली घालून. मी दारात थबकले. काय तोंडानं बोलणार होते? पण मला बोलावंच लागलं नाही. वैजूच्या छातीतलं मांजर बोललं.

सिस्टरचा हात तांदळाच्या ताटात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. वैजूच्या गळ्याकडं बघितलं आणि ओठातल्या ओठात श्वास मोजायला लागली.

"कधीपासून?"

"तास झाला असंल."

"नखं अशी कधीपासून?"

"कशी?" म्हणत मी बघितलं. निळसर. मला बघायचंच सुचलं नव्हतं.

सिस्टर उठली.

"अगं ए! मंदे!" तिची आत्या किंचाळली. "गौरीहरावरनं उठत्यात व्हय? अपशकुन हाय गं बाई!"

"आत्या, दारी येईल त्याला आयुष्य माग म्हणून बसवलंय ना मला?" सिस्टर पदर खोचत म्हणाली. "मग आलंय की दारी."

कोणाला काही बोलायला सुचायच्या आत ती बाहेर. दारात तिचे मामा कोरा फेटा बांधून नवरीला न्यायलाच येत होते. "अगं, मांडव हिकडं हाय, तू तिकडं कुटं?"

"मामा, आधी त्या पोरीला उचला. वहिनींचे हात भरून आलेत."

मामांनी काही न विचारता वैजूला घेतलं. सिस्टरनं कमरेत हात घातला. पिवळ्या साडीच्या आत, काळ्या दोऱ्यात बांधलेली किल्ली. दोरा सुटेना, मेंदीचे हात, बांगड्या मध्ये यायला लागल्या. शेवटी तिनं दातानं तोडला. कुलूप काढलं, कपाट उघडलं, मशीन, मास्क, औषधाची कुपी. सगळं दोन मिनिटांत. मग तिनं मशीनची पिन भिंतीतल्या बोर्डात घातली, बटण दाबलं, आणि मशीन हललंच नाही.

"लाइट," मी म्हणाले. "पाचाशिवाय येत न्हाई."

बाहेर मांडवात जनरेटर धडधडत होता. सिस्टरच्या कानात तो आला तेव्हाच माझ्याही आला.

मग जी मिरवणूक निघाली, तशी मी जन्मात पुन्हा बघितली नाही. पुढं मशीन छातीशी धरलेली नवरी. मागं वैजूला घेतलेले मामा. त्यांच्या मागं अनवाणी मी, पिठानं पांढरी झालेली. आणि शेवटी अन्नपूर्णेचं ताट धरून रडत येणारी मावशी. बँडवाल्यांना वाटलं, नवरी आली! त्यांनी लागलीच सनई सुरू केली. सिस्टर त्यांच्यावर ओरडली, "थांबवा ते! मला तिचा श्वास ऐकू येत नाही!"

नवरदेव एसटीत कंडक्टर, बोहल्यावर हातात हार घेऊन उभा. त्याचा बाप घड्याळ बघत पुढं आला. "हे काय चाललंय? मुहूर्ताला बारा मिनिटं ऱ्हायलीत!"

"बोर्ड कुठं आहे?" सिस्टरनं त्याला विचारलं. होणाऱ्या सासऱ्याशी पहिलं बोलणं हे.

बोर्ड एकच होता आणि त्यात स्पीकरची पिन. स्पीकरवाला पिनेवर हात ठेवून उभा राहिला. "हे काढलं तर मंगलाष्टका कशा म्हणायच्या वो? चारशे मान्सं हायत."

"गळ्यानं म्हणायच्या," गुरुजी म्हणाले. "माझा आजा काय स्पीकर पाठीवर घेऊन हिंडत होता? काढ ती पिन!"

पिन निघाली. मशीन गुर्रर्र करायला लागलं. सिस्टरनं वैजूच्या तोंडाला मास्क लावला, रबर कानामागं अडकवलं, आणि तिथंच मातीत गुडघे टेकून बसली. मास्कमधनं पांढरी वाफ यायला लागली. आमचे हे कुठूनतरी वाढप्याचा पंचा खांद्यावर टाकून धावत आले. "काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्या बापाला झालं हुतं तेच झालंय." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून वैजूचा घाम पुसला. मला वाईट वाटलं.

"नवरीनं आता उभं राहावं," गुरुजी हळूच म्हणाले. "चार मिनिटं."

"तिला बसवू नका, उभीच धरा," सिस्टर मामांना म्हणाली आणि पाटावर उभी राहिली. अंतरपाट धरला. नवरीच्या मागं मामानं उभं राहायची रीत. मामा उभे राहिले, कडेवर मास्क लावलेली वैजू, नळी लोंबतीया, मशीन माझ्या हातात. मला अक्षता टाकायच्या नव्हत्या ना? मी थेट बोहल्यावरच उभी होते.

गुरुजींनी सूर लावला. पुढच्या दहा रांगांना ऐकू आलं, मागच्यांना काही नाही. पुढच्यांनी सावधानाला अक्षता टाकल्या की मागचे घाईघाईनं टाकायचे, तोवर पुढं दुसरं कडवं सुरू. बायकांच्या बाजूनं तर कुणी केव्हाही टाकत होतं. आणि मधेच अंतरपाटाच्या आडनं नवरीचा आवाज यायचा.

"वहिनी, नखं बघा!"

"बघतीया."

"रंग फिरला का?"

"न्हाई अजून."

पुन्हा एक कडवं. "आता?"

मी वैजूचं बोट उजेडात धरलं. डोळ्यांत पाणी, नीट दिसेना. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. "फिरला," मी ओरडले. "फिरला गं बाई! गुलाबी हाय!"

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला. आता नवरानवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं. नवरदेवानं हार घालायच्या आधी विचारलं, "पोरगी बरी हाय का?"

"बरी आहे," सिस्टर म्हणाली. आणि मग कुठं लाजली.

वैजूनं मास्क वर सरकवला. "आई, मला पण अक्षता." तिच्या छातीतलं मांजर गेलं होतं. मामांनी आपल्या मुठीतल्या अक्षता तिला दिल्या आणि तिनं त्या सगळ्या गुरुजींच्या डोक्यावर टाकल्या.

मी मांडवामागं, भांड्यांच्या ढिगाशी जाऊन पोटभर रडले.

चारला पाठवणी. सिस्टर ट्रंक भरत होती, मी दारात घुटमळत होते. माफी मागायची मला सवय नाही. माफी मागायला गेले आणि तोंडातनं भांडणच निघालं. "एवढी शिकलेली बाई तू, किल्ली आईपाशी ठेवायची की! लग्नात कमरेला बांधून बसतंय व्हय कोण?"

सिस्टर हसली. ट्रंकेच्या तळातनं तिनं एक कागद काढून माझ्या हातात दिला. वर शिक्का, खाली साहेबांची सही. मध्ये लिहिलेलं, की ग्रामस्थांच्या तक्रारीनुसार, कपाटाची किल्ली यापुढे इतर कोणाकडेही न देता जबाबदार व्यक्तीनं सदैव स्वतःजवळच बाळगावी. हयगय झाल्यास कारवाई केली जाईल.

मी दोनदा वाचलं. मग आठवलं. अर्जातला सात नंबर. 'सिस्टर कपाटाची किल्ली कोणाच्याही हातात देते.' अर्धं पान मोकळं राहिलं होतं, ते भरावं म्हणून लिहिलं होतं मी.

"त्रेसष्ट सह्या होत्या, वहिनी," सिस्टर म्हणाली. "साहेब म्हणाले, एवढी माणसं सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती मात्र शांतपणे मशीनचा मास्क धुऊन पुसत होती. आठ दिवसांची रजा, मग तिकडंच नवऱ्याच्या जिल्ह्यात बदली. आमच्या गावाला नवी सिस्टर कधी, ते कुणालाच माहीत नाही. तिनं मला शेजारी बसवलं. औषध किती, पाणी किती, मास्क कसा, सगळं तीनदा माझ्याकडून करून घेतलं. एका पुठ्ठ्यावर गावातल्या दमेकरी पोरांची नावं लिहिली. चारच होती. "दोनदा वाफ देऊन उतरलं नाही तर थांबायचं नाही. जीप, ट्रॅक्टर, मिळेल ते."

मग तिनं माझ्या पदराचं टोक ओढलं आणि त्यात किल्ली बांधली. ओटी भरल्यासारखी, गाठ मारून.

"अगं मंदे," मावशी म्हणाली, "कागदात काय लिवलंय?"

"जबाबदार व्यक्तीजवळ ठेवावी, असं लिहिलंय," सिस्टर म्हणाली. "ठेवली की."

नवी सिस्टर यायला अकरा महिने लागले. तोवर किल्ली माझ्याकडं. आमच्या ह्यांनी गुमान गिरणी वेशीजवळ हलवली. वैजूचा दमा सातव्या वर्षी नाही, पण दहाव्या वर्षी गेला. आता ती पंचविशीची आहे आणि माझ्यावर आवाज चढवते तेव्हा एका दमात चढवते.

त्या अकरा महिन्यांतला एक सोमवार मात्र विसरत नाही. मी बाजाराला गेले होते. मेथीची जुडी आणि पोरीला चप्पल घेऊन निवांत परत आले, तर उपकेंद्राच्या पायरीवर माळावरच्या वस्तीतली एक बाई. मांडीवर तिचा पोरगा, पुठ्ठ्यावरच्या चारांतला. बरगड्या आत ओढतायत. तास झाला होता तिला येऊन.

"किल्ली पदराला बांधून बाजार फिरतीस होय गं?" ती माझ्या अंगावर आली. "दुसऱ्याचं लेकरू तडफडतंय आणि हिला चपला सुचत्यात!"

मी मेथी पायरीवर टाकली. कुलूप काढलं. नशिबानं लाइट होती. मशीन लावलं, मास्क लावला, पोराची नखं बघत बसले. ती बोलतच होती. पुढचं वाक्य काय येणार, ते मला आधीच कळत होतं. पारावर उभं राहून मीच बोललेली होती ती सगळी.

पोरगा मोकळा झाला. त्याला कडेवर घेऊन दारातनं ती पुन्हा वळली. "तुझ्यावर अर्ज करीन मी! वरपर्यंत जाईन!"

"कर की," मी नळी गुंडाळत म्हणाले. "लिहायला येत नसलं तर मी लिहून देते. सह्या गिरणीवर मिळतात. फक्त एक कर बाई, किल्लीचं काही लिहू नकोस."